सब्राच्या नावाखाली

कोरोनाच्या साथीत मुस्लिम समाजाने मोठ्या धीराने दिवस काढले, असे आता सगळेच म्हणतात. सत्कार समारंभातले पुढारी म्हणतात, जलशातले मौलाना म्हणतात, बदली होऊन गेलेले अधिकारीही म्हणतात. मोहल्ल्यामोहल्ल्यांत ‘कोविड योद्धा’ म्हणून शाली दिल्या गेल्या, प्रमाणपत्रे वाटली गेली. या कौतुकातले काहीही खोटे नाही. तरीही हे कौतुक मला धोक्याचे वाटते. एखाद्याला एकदा ‘सोसणारा’ म्हटले की त्याला पुन्हा ‘कसा आहेस?’ असे विचारण्याची गरज कोणालाच उरत नाही.

या प्रश्नावर आपल्याकडे दोनच भाषा प्रचलित आहेत. पहिली बाहेरच्यांची. ‘ही माणसे फार चिवट असतात.’ जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, दुसऱ्या दिवशी माणसे त्याच गाड्यांतून कामावर गेली आणि त्याला ‘मुंबईचे स्पिरिट’ असे गोंडस नाव मिळाले. ज्याला एक खाडा परवडत नाही तो कामावर जाणारच, एवढी साधी गोष्ट कोणी बोलले नाही. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा दाखला दिला, त्याच सुमारास ‘मालेगाव पॅटर्न’ची चर्चा सुरू झाली, आणि तोच सूर पुन्हा लागला.

दुसरी भाषा आपली स्वतःची आहे. ‘सब्र करो, अल्लाह की मर्जी.’ ज्याने सोसले त्याचे इमान पक्के. ज्याला सोसवले नाही, जो रात्ररात्र जागा राहिला, ज्याचे कामात मन लागेना, त्याचे इमान कमजोर. एकीकडे चिवटपणा ही जणू गरिबाला जन्मजात मिळालेली देणगी, दुसरीकडे खचणे हे जणू त्याचे पाप. दोन्ही भाषांचा परिणाम मात्र एकच होतो. कोणाचीही जबाबदारी उरत नाही. सरकारची नाही, जमातीची नाही आणि घराचीही नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. धीर रक्तात नसतो आणि तो केवळ इमानातूनही येत नाही. तो बांधावा लागतो. आठवड्याच्या हिशेबाचे पैसे, घरातले धान्य, शेजाऱ्याची हाक, मय्यतीला येणारे खांदे, उघडा दवाखाना, चालू शाळा, या विटांनी तो बांधलेला असतो. साथीच्या काळात या विटा एकेक करून निघाल्या. ज्यांच्या घरात मुळातच विटा कमी होत्या त्यांची भिंत आधी खचली. त्या खचलेल्या भिंतीपुढे उभे राहून सब्राचे गुणगान करणे ही निव्वळ पळवाट आहे.

मालेगावचेच उदाहरण घेऊ. यंत्रमागांचे हे गाव. येथला मजूर बारा-बारा तास सांच्यावर उभा असतो, त्याची बायको घरी कांड्या भरते, आणि हिशेब आठवड्याला होतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. सांचे थांबले आणि पुढच्या हिशेबाच्या दिवशी हातात काही आले नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गावात पहिले रुग्ण सापडले आणि बघता बघता मालेगाव राज्यातले मोठे ‘हॉटस्पॉट’ ठरले. बहुतेक खासगी दवाखाने बंद झाले. मधुमेहाचे, रक्तदाबाचे, हृदयविकाराचे रुग्ण दारोदार फिरले. त्या महिन्यात कब्रस्तानातील दफनांची संख्या नेहमीपेक्षा फार वाढली, आणि त्यांतले पुष्कळ मृत्यू कोरोनाच्या सरकारी यादीत कधी आलेच नाहीत.

याच गावातल्या बडा कब्रस्तानात ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, बॉम्बस्फोट झाले होते. तीसहून अधिक माणसे गेली. त्यात आरोपी म्हणून पकडलेल्या नऊ मुस्लिम तरुणांना न्यायालयाने आरोपमुक्त करायला २०१६ साल उजाडले. २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्खू चौकात पुन्हा स्फोट झाला. म्हणजे २०२० मधली भीती कोऱ्या पाटीवर लिहिली गेली नव्हती. त्या पाटीवर आधीचे पुष्कळ काही होते. ज्या माणसाने एकदा त्या कब्रस्तानातून जीव मुठीत धरून पळ काढला होता, तोच माणूस चौदा वर्षांनी तेथे रोज एक नवी कबर खणली जाताना पाहत होता. त्याच्या मनाचे काय झाले असेल? जून-जुलैपर्यंत साथ आटोक्यात आली, काढ्याची महती देशभर गेली, गावाने साथीवर मात केल्याचे जाहीर झाले. या माणसाची मात्र कोणत्याही तक्त्यात नोंद झाली नाही.

त्या दिवसांत रुग्णवाहिका मोहल्ल्यात आली की दारे लागत. माणसे ताप लपवीत. याला अडाणीपणा, आडमुठेपणा, धर्मवेड अशी नावे मिळाली. मात्र ही भीती काही कालची नाही. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात प्लेगचे तपासणी पथक एका जुलाहा कुटुंबातील आजारी मुलीला तपासायला आले आणि तेथून दंगल उसळली. विणकरांना वाटत होते की एकदा आत नेलेले माणूस परत येत नाही, आणि त्या काळच्या प्लेग रुग्णालयांतले मृत्यू पाहता त्यांना तसे वाटण्यात नवल नव्हते. २०२० मध्ये विलगीकरण केंद्रात नेलेल्या बापाचे तोंड शेवटचे पाहायला मिळेल की नाही, त्याला गुस्ल मिळेल की नाही, कफन कोण नेसवील, ही चिंताही तशीच होती. ती निराधारही नव्हती. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाने मृत्यू झालेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करावे असे परिपत्रक काढले. ओरड झाल्यावर काही तासांत ते बदलले. पुढे वांद्र्यातील दफनाला विरोध करणारी याचिका फेटाळताना, सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये सांगितले. परिपत्रक बदलले, निकालही लागला. पण ते काही तास ज्यांच्या घरात मय्यत होती त्यांना काय वाटले असेल, ते कागद सांगत नाही.

त्यात भर पडली ती संशयाची. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजचे प्रकरण मार्चअखेर बाहेर आले आणि एका विषाणूला धर्म चिकटवण्यात आला. भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. भाड्याने राहणाऱ्यांकडे घरमालक निराळ्या नजरेने पाहू लागले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, माध्यमांतील अपप्रचारावर बोट ठेवले आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेले असे म्हटले. निकाल आला तेव्हा पाच महिने उलटले होते. अपमान सकाळच्या बातमीत आला होता. निकाल आतल्या पानावर गेला. साथीत सगळेच घाबरले होते हे मान्य. परंतु रोगाची भीती, भुकेची भीती आणि शेजाऱ्याच्या नजरेची भीती अशा तिन्ही भीती एकाच वेळी ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यांची अवस्था ‘सगळ्यांसारखीच’ होती असे म्हणता येणार नाही.

आता दुःखाकडे वळू. आपल्याकडे मय्यत झाली की तीन दिवस घरात चूल पेटू नये म्हणून शेजारून जेवण येते. ताजियतीला माणसे येतात, बसतात, काही बोलत नाहीत, पण बसतात. रडणाऱ्याच्या पाठीवर कोणाचा तरी हात असतो. मानसोपचाराचे शास्त्र जन्माला येण्याआधीपासून आपल्या पूर्वजांनी शोधलेला हा मानसोपचार आहे. साथीत तो बंद झाला. अंत्यविधीला वीसच माणसे, ती लांब उभी, आणि घरी आल्यावर दारावर विलगीकरणाची पाटी. जे दुःख तीन दिवस दहा घरांत वाटले जायचे ते एका खोलीत कोंडले गेले. कोंडलेले दुःख विरत नाही. ते छातीत धडधड होऊन, पोटात गोळा होऊन, चिडचिड होऊन, झोप उडून बाहेर येते.

मुंबईत बडा कब्रस्तानच्या स्वयंसेवकांनी, ज्यांचे आप्त जवळ यायला धजावत नव्हते अशा हिंदू मृतदेहांवरही त्यांच्या रीतीने अंत्यसंस्कार केले. महाराष्ट्रातल्या गावोगावी मुस्लिम तरुणांनी हे काम केले. त्यांचे फोटो छापून आले, ते यावेत असेच होते. त्या तरुणांना पुढे झोप लागली का, हे कोणी विचारले? विशी-पंचविशीतला मुलगा महिनोन्महिने प्रेते उचलतो आणि आपण त्याला शाल देऊन मोकळे होतो.

सब्राच्या नावाने जे गप्प बसवतात त्यांना मी धर्माच्याच अंगणात उत्तर देऊ इच्छितो, कारण तेथे त्यांची बाजू सर्वांत लंगडी आहे. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचा सब्र ‘सब्र-ए-जमील’ म्हणून आपण मुलांना शिकवतो. त्याच सूरा यूसुफमध्ये पुत्रवियोगाच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाल्याचेही आले आहे. ते रडले, त्यांनी आपले गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडले, आणि तरीही ते साबिरच राहिले. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी लहानग्या इब्राहीमच्या मृत्यूवर अश्रू ढाळले. हजरत खदीजा आणि अबू तालिब ज्या वर्षी गेले त्या वर्षाला इतिहासाने ‘आम-उल-हुज्न’, म्हणजे दुःखाचे वर्ष म्हटले. पैगंबरांच्या चरित्रात दुःखाला नाव देऊन एक अख्खे वर्ष बहाल केले आहे. आपण मात्र चाळीसवा झाला की माणसाने कामाला लागावे अशी अपेक्षा धरतो.

तवक्कुलचेही तसेच. हिजरी १८ च्या सुमारास शाम देशात अमवासची साथ पसरली तेव्हा हजरत उमर वाटेतूनच मागे फिरले. ‘तकदीरपासून पळता का?’ असे त्यांना विचारले गेले, आणि अल्लाहच्या एका तकदीरकडून आपण दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. आधी उंट बांधा, मग भरवसा ठेवा, ही शिकवण आपल्याला तोंडपाठ आहे. मग मन आजारी पडले की उंट मोकळा का सोडायचा? नवव्या-दहाव्या शतकातले अबू जैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्यावर स्वतंत्र विवेचन केले. चिंता, भीती, उदासी यांचा वेगवेगळा विचार केला. १२८४ मध्ये कैरोत उभ्या राहिलेल्या मन्सूरी बीमारिस्तानात मनोरुग्णांची वेगळी सोय होती. ज्यांच्या पूर्वजांनी मनोरुग्णांसाठी इस्पितळे बांधली त्या समाजात आज ‘ये सब अमीरों की बीमारी है’ असे ऐकू येते, याला काय म्हणावे?

आपल्या घरांत ‘डिप्रेशन’ हा शब्द नसेल. म्हणून आजार नाही असे होत नाही. आपल्या बायका म्हणतात, ‘जी घबराता है’, ‘हौल उठता है’, ‘दिल बैठा जाता है’. पुरुष म्हणतात, ‘टेन्शन है’, ‘नींद नहीं लगती’. ही तक्रार घेऊन माणूस गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. डॉक्टर गॅसची गोळी देतात, ताकदीचे इंजेक्शन देतात, फार झाले तर सलाईन लावतात. महिनाभराने माणूस पुन्हा येतो. मग कोणीतरी सांगते, ‘असर है’, आणि मग आमिल, तावीज, पाणी, धूर. काही जण दर्ग्यावर जाऊन राहतात. दुआने मनाला उभारी येते हे मी नाकारत नाही. परंतु ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे काय घडले ते आपण विसरू नये. दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी आश्रमाला पहाटे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही. उलटपक्षी, गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी एकत्र येऊन दवा आणि दुआ दोन्ही देण्याचा उपक्रम चालवला. श्रद्धेला धक्का न लावता रुग्ण डॉक्टरपर्यंत पोहोचतो हे तेथे दिसून आले. मग आपल्या दर्ग्यांना कोणी अडवले आहे?

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की आधी पोटाचे बघा, मग मनाचे. पोट आणि मन यांचे दोन वेगळे दवाखाने आहेत अशी ही समजूत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे पाहा. २०१९ मध्ये देशात १,३९,१२३ आत्महत्या नोंदल्या गेल्या, २०२१ मध्ये १,६४,०३३. त्यांत रोजंदारीवरचे मजूर २०१९ मध्ये ३२,५६३ होते, २०२१ मध्ये ४२,००४. म्हणजे दर चारांमागे एक. विद्यार्थी १०,३३५ होते ते १३,०८९ झाले. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, २२,२०७. रोजंदारीवर आणि हातावरच्या धंद्यावर आपल्यातले किती जण जगतात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले आहे. ‘अमीरों की बीमारी’ म्हणणाऱ्यांनी ४२,००४ या आकड्यासमोर एकदा बसावे. रोजी गेली की मन खचते, मन खचले की उरलीसुरली रोजी जाते. ही एकच साखळी आहे.

दुसरा आक्षेप, ‘आपल्यात आत्महत्या होत नाहीत, हराम आहे.’ हराम आहे म्हणून ती होत नाही असे नाही. हराम आहे म्हणून ती लपवली जाते. ‘पाय घसरला’, ‘चुकून औषध प्यायला’ असे सांगितले जाते, आणि मागे राहिलेल्यांना दुःखासोबत एक खोटेही आयुष्यभर वाहावे लागते. जनाजा होईल की नाही ही भीती त्यामागे असते. वास्तविक हनफी मसलकाचा प्रचलित फतवा अशा मृताची जनाजाची नमाज पढावी असाच आहे, आणि ज्याचे भान हरपले आहे त्याच्यावरून कलम उचलले जाते हे तर लहान मुलालाही शिकवतात. कायदाही बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले आणि तिची काळजी घेणे सरकारवर सोपवले. त्याच कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार मिळणे हा हक्क ठरवला. किती मशिदींत, किती मोहल्ला कमिट्यांत हा कायदा वाचला गेला?

तिसरा आक्षेप थोडा टोकदार आहे, आणि तो मला पुष्कळ अंशी मान्य आहे. अन्याय करणारे अन्याय करतात आणि नंतर समुपदेशक पाठवतात. अपमानित माणसाला ‘दीर्घ श्वास घ्या’ असे सांगणे ही क्रूर चेष्टा आहे. खरे आहे. ज्याची रोजी बुडाली त्याला रोजी हवी, ज्याची बदनामी झाली त्याला न्याय हवा. समुपदेशन हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. पण न्याय मिळेपर्यंत माणूस जिवंत आणि शुद्धीत राहिला पाहिजे की नाही? पाय मोडलेल्याला आधी प्लास्टर घालतात आणि खड्डा खणणाऱ्याविरुद्ध तक्रारही करतात. दोन्ही करावे लागते.

मी शिक्षक आहे, म्हणून मुलांविषयी अधिकाराने बोलतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या त्या लहान वर्गांसाठी जवळजवळ दोन वर्षे नीट उघडल्या नाहीत. ‘ऑनलाइन शिक्षण’ म्हणजे घरात एक मोबाईल, तो बापाकडे किंवा थोरल्या भावाकडे, आणि रिचार्ज संपलेला. त्या काळात उर्दू शाळांतली मुले सांच्यावर, गॅरेजवर, बेकरीत गेली. काही मुलींचे निकाह उरकले. जी परत आली त्यांच्यात मला बदल दिसतो. सातवीतला मुलगा प्रश्न विचारला की घामाघूम होतो. एखादी मुलगी वर्गात मागे बसून भिंतीकडे बघत राहते. कोणी दार जोरात लावले की दचकणारी मुले आहेत. बी.एड.ला आम्हाला मानसशास्त्राचा पेपर होता. त्यात बुद्धिमापन होते, अध्ययनाचे सिद्धान्त होते. ज्या मुलाची आई गेली आहे त्याच्याशी पहिल्या दिवशी काय बोलावे, ते त्यात नव्हते.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. राज्यभर पथके घरोघर गेली, कित्येक ठिकाणी शिक्षकही गेले. ताप मोजला, ऑक्सिजन मोजला, मधुमेह-रक्तदाब विचारला. हे योग्यच झाले. परंतु दारात उभ्या राहिलेल्या त्या माउलीला ‘रात्री झोप लागते का?’ एवढा एक प्रश्न विचारायला काय खर्च आला असता? त्यातही मोहल्ल्यातल्या बाईची गोष्ट निराळी. पुरुष मशिदीच्या ओट्यावर बसून मन मोकळे करतो. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवसांची इद्दत एका खोलीत, सासरच्या माणसांत, तीन मुलांसह काढणारी बाई कोणाशी बोलणार? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविड मृतांच्या वारसांना ५०,००० रुपये मिळाले, राज्याने विधवांसाठी ‘मिशन वात्सल्य’ काढले. पैसा आला तेथे त्याचा उपयोगच झाला. पण बाई बोलली नाही ती नाहीच.

आणि बोलायचे ठरवलेच तर जायचे कोठे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. हे साथीच्या आधीचे. साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण जगभर २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. त्यात तरुण आणि स्त्रिया अधिक. महाराष्ट्रातली जुनी सरकारी मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदावर आहे. पण तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला जायचे म्हणजे एक खाडा, दोघांचे एसटीचे भाडे, आणि तेथे गेल्यावर आपले ‘हौल’ मराठीत किंवा इंग्रजीत समजावून सांगण्याची कसरत. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर फुकट, चोवीस तास, मराठीत आणि हिंदीतही बोलता येते. आपल्या किती मशिदींच्या फलकावर, नमाजच्या वेळांच्या खाली, हा क्रमांक लिहिलेला आहे?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या आपल्या स्वतःकडेच आहेत. सरकारकडे अशी की मुस्लिम वस्त्यांतल्या नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी मनोविकारतज्ज्ञ बसावा, तोही संध्याकाळी, पाळी सुटल्यावर. उर्दू शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे उर्दू-दखनी बोलणारा एक समुपदेशक असावा. आशाताईच्या वहीत झोपेचा आणि उदासीचा एक रकाना यावा. जमातीकडे अशी की ज्या संस्थांनी साथीत ऑक्सिजनचे सिलिंडर वाटले त्यांनी आता जकातीचा एक हिस्सा मनोरुग्णांच्या औषधांवर खर्च करावा. वर्षातून दोन खुतबे या विषयावर व्हावेत. आमिलाकडे गेलेला रुग्ण महिनाभरात बरा झाला नाही तर त्याला डॉक्टरकडे पाठवणे हे शरई कर्तव्य आहे असे उलेमांनी जाहीर सांगावे. शिक्षकांकडे, म्हणजे माझ्याच बिरादरीकडे, अशी की हजेरी घेताना नावापुढे ‘गैरहाजिर’ लिहून थांबू नये. संध्याकाळी त्या घरी जाऊन यावे.

आपला समाज सोसतो, हे सिद्ध करण्याची आता गरज नाही. २००६ ने ते सिद्ध केले, २०२० ने केले. पुढची साथ कधी येईल ते अल्लाह जाणे. ती येईल तेव्हा आपल्या चिवटपणाची पुन्हा एकदा परीक्षा घेतली जावी अशी माझी इच्छा नाही. त्या आधी सांच्यावर उभा असलेला माणूस न लाजता म्हणू शकला पाहिजे, ‘मुझसे नहीं होता’. आणि ते ऐकणाऱ्याने ‘सब्र कर’ म्हणून निघून न जाता त्याच्याजवळ बसले पाहिजे. सब्र ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याला तो करायला सांगण्याआधी त्याच्या घरात काय उरले आहे हे पाहून येणे, हा आपल्यावरचा हक्क आहे.